शोध आणि शोध

मुलांनो, पुढील दोन वाक्ये लक्षपूर्वक वाचा. 'दुर्बिणीचा शोध नेदरलँड्समध्ये लागला.' 'गुरूच्या चार चंद्रांचा शोध गॅलिलिओने लावला.' दोन्ही वाक्यांत 'शोध' हाच शब्द आला आहे. परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे काय?

१६०८ साली नेदरलँड्समधील हान्स लिपरशे या चष्मे बनविणाऱ्या कारागिराने, दूरची वस्तू जवळ दाखविणाऱ्या एका नळीचा हक्क आपणास मिळावा, म्हणून तेथील सरकारकडे अर्ज केला. या नळीची वार्ता पुढे इटलीत गॅलिलिओच्या कानी गेली. त्याने स्वतः भिंगे घासून अधिक चांगली दुर्बीण तयार केली आणि १६१० च्या जानेवारीत ती गुरू ग्रहाकडे रोखली. गुरूजवळ त्याला प्रकाशाचे लहान ठिपके दिसले. ते रात्रीगणिक आपली जागा बदलीत. काही रात्री निरीक्षण केल्यावर त्याची खात्री पटली, की हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत.

आता विचार करा. गॅलिलिओ जन्मला नसता, तर ते चंद्र नसते काय? असतेच! मानवाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीही ते गुरूभोवती फिरतच होते. दुर्बिणीचे मात्र तसे नाही. कोणी भिंगे जुळवून ती घडविली नसती, तर ती रानात किंवा डोंगरात आयती सापडली नसती.

होते ते सापडणे वेगळे आणि नव्हते ते घडविणे वेगळे. इंग्रजीत यांसाठी दोन नामे आहेत. पहिल्यास 'डिस्कव्हरी' म्हणतात, तर दुसऱ्यास 'इन्व्हेन्शन'. 'डिस्कव्हरी' या शब्दाच्या पोटात 'झाकण काढणे' हा अर्थ आहे. गंमत अशी, की 'इन्व्हेन्शन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचाही मूळ अर्थ 'सापडणे' असाच होता! म्हणजे इंग्रजीतही हा भेद कालांतराने पक्का झाला. मराठीत आपण दोहोंना 'शोध' म्हणतो. म्हणून अर्थ संदर्भावरून ओळखावा लागतो.

'कोलंबसाने १४९२ साली अमेरिकेचा शोध लावला,' असे आपण सहज म्हणतो. ती भूमी त्याने घडविली नाही, हे उघडच आहे. पण ती सापडली तरी कोणाला? तेथे हजारो वर्षांपासून माणसे राहत होती, शेती करीत होती. आपली भूमी त्यांना ठाऊकच होती. तेव्हा हा शोध होता तो युरोपातील लोकांच्या दृष्टीने.

हा भेद म्हणजे केवळ शब्दांचा खेळ नव्हे. नवीन वस्तू किंवा कृती घडविणाऱ्यास काही वर्षे तिच्यावर एकट्याचा हक्क मिळतो. त्यास 'पेटंट' म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत, हळदीने जखम बरी करण्याच्या उपायावर असे पेटंट देण्यात आले. खरचटले की हळद लावावी, हे तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक! तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून सादर झाला. १९९७ साली ते पेटंट नामंजूर ठरले. जे लोकांना आधीच ठाऊक होते, ते 'मी घडविले' असे कोणासही म्हणता येत नाही.

म्हणून 'शोध' हा शब्द वाचताना क्षणभर थांबा आणि स्वतःस विचारा : ही गोष्ट सापडली, की घडविली? आणि सापडली असेल, तर कोणाला?

स्वाध्याय

१. गुरूचे चंद्र व दुर्बीण यांच्या शोधांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. पुढील शोधांचे दोन गट करा : चाक, ऑक्सिजन वायू, छापण्याचे यंत्र, गुरुत्वाकर्षण.
३. हळदीवरील पेटंट का टिकले नाही?
४. शून्य मानवास सापडले, की त्याने ते घडविले? वर्गात चर्चा करा.