प्रतीक्षा आणि तयारी : ख्रिस्ती श्रद्धेतील पुनरागमन व आपल्यासाठी बोध

ह. ईसा (अ.) कयामतीपूर्वी पुन्हा या पृथ्वीवर येतील, अशी श्रद्धा मुस्लिम आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांत आहे. मात्र आपला ख्रिस्ती शेजारी ही श्रद्धा कोणत्या अर्थाने मानतो आणि रोजच्या जीवनात ती कशी बाळगतो, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. दुसऱ्यांविषयी बोलतानाही न्याय सोडू नये, ही दिव्य कुरआनची शिकवण आहे. म्हणून प्रथम ही श्रद्धा तिच्या मूळ रूपात समजून घेऊ व नंतर तिच्यापासून आपल्याला कोणता बोध मिळतो ते पाहू.

ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू ख्रिस्त सुळावर मरण पावले, तिसऱ्या दिवशी उठले, स्वर्गात गेले आणि जगाच्या अंती जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी परत येतील. चौथ्या शतकात निकियाच्या धर्मपरिषदेच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या श्रद्धेच्या पाठात हे कलम आहे व आजही अनेक चर्चमध्ये तो पाठ उपासनेच्या वेळी म्हटला जातो. नाताळपूर्वीचा चार रविवारांचा 'आगमनकाळ' केवळ जन्मोत्सवाच्या तयारीचा नसून या दुसऱ्या आगमनाच्या स्मरणाचाही काळ आहे. पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोक 'मारानाथा' हा अरामी भाषेतील उद्गार काढीत असत. 'हे आमच्या प्रभू, ये' असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

पहिल्या पिढीला हे आगमन आपल्या हयातीतच होईल असे वाटत होते. यातून एक अडचण निर्माण झाली. ग्रीसमधील थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती मंडळींना पौलाच्या नावाने लिहिलेली दोन पत्रे बायबलमध्ये आहेत. आगमनापूर्वीच जे मरण पावले त्यांचे काय होईल, या चिंतेचे उत्तर पहिल्या पत्रात दिले आहे. दुसऱ्या पत्रावरून असे दिसते, की प्रभूचा दिवस येऊन ठेपला या समजुतीने काही जण अस्वस्थ झाले होते, तर काही जण कामधंदा सोडून इतरांच्या जिवावर जगत होते. त्यांना तेथे कठोर शब्दांत बजावले आहे, की ज्याला काम करावयाचे नाही त्याने अन्नाचीही अपेक्षा ठेवू नये.

ख्रिस्ती धर्मग्रंथात तारखेचा प्रश्नही मोकळा ठेवलेला नाही. मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत असे सांगितले आहे, की ती घटिका पित्याखेरीज कोणालाही, अगदी पुत्रालाही, ठाऊक नाही. दहा कुमारींच्या दाखल्याचा आशयही हाच आहे. वराला यायला उशीर झाला. ज्यांनी दिव्यासाठी तेल बरोबर घेतले होते त्या आत गेल्या आणि ज्या निष्काळजी होत्या त्या बाहेर राहिल्या. डुलकी तर दहाही जणींना लागली होती. फरक होता तो तयारीचा.

२२ ऑक्टोबर १८४४

इतकी स्पष्ट सूचना असूनही तारीख काढण्याचा मोह वारंवार झाला. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर हे शेतकरी व बाप्टिस्ट पंथाचे अनुयायी होते. त्यांनी बायबलमधील दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे मानले. इ. स. पूर्व ४५७ पासून मोजणी करून ख्रिस्ताचे आगमन १८४३ च्या सुमारास होईल असा निष्कर्ष त्यांनी काढला. ती मुदत टळली. तेव्हा या चळवळीतील लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही नवी तारीख निश्चित केली. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहू लागले. काहींनी शेतातील पीक काढले नाही, काहींनी दुकाने बंद केली. तो दिवस मावळला, रात्रही सरली, पण काहीच घडले नाही. इतिहासात ही घटना 'महानिराशा' या नावाने ओळखली जाते. ती शेते आणि ती दुकाने दुसऱ्या दिवशीही तेथेच होती, आणि लोकांची थट्टा सोशीत त्यांना पुन्हा त्यांच्याकडेच वळावे लागले.

पुढे काय झाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. अनेक जण ही चळवळ सोडून गेले. जे उरले त्यांच्यातील एका गटाने १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना केली. 'अ‍ॅडव्हेंटिस्ट' म्हणजे आगमनाची प्रतीक्षा करणारा. आगमन जवळ आहे ही त्यांची श्रद्धा कायम राहिली, पण तारीख ठरविणे त्यांनी सोडून दिले. त्यांनी शाळा व रुग्णालये उभारली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच चर्चची आहे. जग लवकरच संपणार असे मानणाऱ्यांनीच पुढच्या पिढीसाठी शाळा बांधाव्यात, ही गोष्ट वरवर विसंगत वाटेल. वास्तविक तारखेच्या प्रतीक्षेने त्यांची कामे थांबविली होती. तारीख गेली आणि प्रतीक्षेला कर्तव्याचे रूप आले.

इस्लामची भूमिका

इस्लामची श्रद्धा येथे स्पष्टपणे वेगळी आहे. दिव्य कुरआननुसार ह. ईसा (अ.) यांना सुळावर चढविले गेले नाही व ठारही करण्यात आले नाही, तर अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले (सूरह अन्-निसा : १५७-१५८). सहीह हदीसांनुसार ते न्यायी शासक म्हणून उतरतील व दज्जालचा अंत करतील. ते नवी शरीअत आणणार नाहीत. पुढे त्यांनाही मृत्यू येईल. ते अल्लाहचे दास व प्रेषित आहेत. कयामतीच्या दिवसाचा स्वामी व न्यायाधीश एकमेव अल्लाहच आहे.

परंतु त्या घटिकेचे ज्ञान कोणाला आहे, या प्रश्नाचे उत्तर कुरआनने निःसंदिग्धपणे दिले आहे. ते केवळ अल्लाहजवळ आहे (सूरह अल्-आराफ : १८७). ह. जिब्रील (अ.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना याविषयी विचारले, तेव्हा विचारणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक माहिती नसल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. तोच प्रश्न एका साध्या माणसाने केला, तेव्हा त्यासाठी तू काय तयारी केली आहेस, असे प्रेषितांनी (स.) त्यालाच उलट विचारले. 'केव्हा' या प्रश्नाचे 'काय तयारी' या प्रश्नात झालेले हे रूपांतर म्हणजे या विषयातील इस्लामी शिकवणुकीचे सार होय.

ही तयारी रोजच्या उपासनेतच गुंफलेली आहे. नमाजच्या अखेरीस, सलामपूर्वी, नरकाचा प्रकोप, कबरीची यातना, जीवन-मृत्यूची परीक्षा आणि दज्जालचा फितना या चार गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली. म्हणजे श्रद्धावंत दररोज त्या काळाचे स्मरण करतो व सलाम फेरून लगेच आपल्या कामाला लागतो. दुसऱ्या एका हदीसचा आशय तर असा आहे, की कयामत येऊन ठेपली आणि कोणाच्या हाती रोपटे असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावूनच टाकावे. त्या रोपट्याची सावली कोणाला मिळणार नाही, हे उघड आहे. तरीही ते लावण्याचे कर्तव्य शिल्लक राहते.

आपल्या घरासाठी

मिलर यांच्या अनुयायांची कथा वाचून त्यांना हसण्याचे कारण नाही. हिजरी सनाची हजार वर्षे पूर्ण होण्याआधी कयामत येईल, असा समज मुस्लिम समाजातही पसरला होता व इमाम सुयूती (मृत्यू १५०५) यांना त्याच्या खंडनासाठी पुस्तिका लिहावी लागली. आज मोबाईलवर असे संदेश येतात, की अमुक युद्ध म्हणजे अमुक भाकीत, अमुक वर्षी महदींचे आगमन. घरातील मुले ते वाचून घाबरतात. एखादा तरुण म्हणतो, आता शिक्षण घेऊन काय करावयाचे? भाकीत खोटे ठरले की त्याच्या मनात संदेश पाठविणाऱ्याविषयी नव्हे, तर दीनविषयीच शंका उत्पन्न होते. हे नुकसान फार मोठे आहे.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. तारीख सांगणारा संदेश पुढे पाठवू नये. मुलांना नमाजमधील वरील दुआ अर्थासह शिकवावी. आणि भीती दाखविण्याऐवजी एक प्रश्न घरात रोज विचारावा : आज कोणाचे देणे फेडायचे राहिले, कोणाचे मन दुखावले, कोणती नमाज चुकली? ख्रिस्ती शेजाऱ्याशी या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला, तर मतभेद आदराने व स्पष्टपणे मांडावा. त्याच वेळी ती घटिका कोणीही जाणत नाही, हे त्याच्याही धर्मग्रंथात आहे, याची त्याला आठवण द्यावी. संवादाची सुरुवात तेथून होऊ शकते.

ह. ईसा (अ.) यांचे आगमन आपल्या हयातीत होईल की नाही, हे आपल्या हाती नाही. मृत्यू मात्र प्रत्येकाच्या हयातीच्या अखेरीस निश्चित उभा आहे, आणि त्याचीही तारीख आपल्याला दिलेली नाही. अल्लाह आपणा सर्वांना त्या भेटीच्या तयारीत जगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.