शुश्रूषागृहांतील शिल्लक औषधांची विल्हेवाट

रुग्ण बरा होऊन घरी जातो, कधी उपचार बदलतो, क्वचित रुग्ण दगावतो. त्याच्यासाठी आणलेली औषधे मात्र शुश्रूषागृहाच्या कपाटात मागे राहतात. मुदत संपली की ती मोरीत ओतणे अथवा उकिरड्यावर टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि सर्वांत घातकही तोच होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. पैनगंगा याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि तिच्यावरील येळगाव धरणाचे पाणी बुलढाणा शहर पिते. उगमाजवळ मिसळलेले द्रव्य खालच्या गावांकडेच वाहत जाणार. सांडपाणी शुद्ध करूनही अनेक औषधांचे अंश पाण्यात उरतात. प्रतिजैविके अशी अल्प प्रमाणात रेंगाळली, तर त्यांना दाद न देणारे जंतू बळावतात. औषधाचा अंश कोठवर पोहोचतो, हे गिधाडांनी दाखवून दिले आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन ती इतकी मेली, की २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात वेगळी ठेवावयाची असतात. ती उत्पादकाकडे परत पाठवावीत, अन्यथा भट्टीत जाळून नष्ट करावीत, अशी तरतूद आहे. कर्करोगावरील पेशीनाशक औषधे जाळावयाची, तर १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. परसात पेटविलेल्या शेकोटीचे हे काम नव्हे. मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारखी औषधे चुकून दुसऱ्याच्या पोटात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शिकेत अशी १७ औषधे शौचकुपात सोडून देण्यास सांगितले आहे. हा अपवाद त्या यादीपुरताच आहे.

तथापि, खरा उपाय कपाटापाशीच आहे. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवावे, खरेदी बेताची करावी, दरमहा तारखा तपासून नोंद ठेवावी. टाकाऊ औषधे भंगारात जाऊ देऊ नयेत, कारण धडधाकट दिसणारे पाकीट पुन्हा विक्रीस येऊ शकते. वृद्धाश्रमांतही रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या बऱ्याच साठतात; तेथील व्यवस्थापकांनी जवळच्या रुग्णालयाशी बोलून ठेवणे बरे. केरळने २०२५ साली कोझिकोड येथून घरोघरची शिल्लक औषधे गोळा करण्यास आरंभ केला आहे. खामगाव, चिखली, मलकापूर येथील औषध विक्रेत्यांनी दुकानात तशी एक पेटी ठेवून ती प्रक्रिया केंद्राकडे पोहोचविण्याची व्यवस्था केली, तर घरी गेलेल्या रुग्णाची उरलेली पाकिटेही त्याच मार्गाने जातील.