सॅम्पल फ्लॅट आणि मेजर टेप

घरचे हॉस्टेल बघायला येणार असा फोन आला की आपण काय करतो? दोरीवरचे कपडे पलंगाखाली जातात, मेसमधून 'आणलेली' ताटं शेजारच्या रूममध्ये जातात, टेबलावर एकाएकी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सचं पुस्तक उघडं पडतं. घरचे खूश होऊन परत जातात. ह्याच उद्योगाला अमेरिकेत होम स्टेजिंग म्हणतात आणि त्याचे रीतसर पैसे घेतात! विकायचं घर आधी सजवायचं आणि मग गिऱ्हाइकाला दाखवायचं. १९७२ च्या सुमारास बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी सिएटलकडे हा धंदा सुरू केला असं मानतात. मुंबईलाही ही कल्पना अगदीच नवी नाही म्हणा. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने इथल्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. चाळीत राहणाऱ्या मुंबईकराला 'ब्लॉक' म्हणजे काय, त्यात सोफा कुठे आणि जेवणाचं टेबल कुठे, हे तिथे सजवलेल्या खोल्यांतून समजलं.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर कुठेही जा, बांधकामाच्या पत्र्यांमागे एक थंडगार सॅम्पल फ्लॅट असतोच. आम्ही घाटकोपरच्या भटवाडीत वन रूम किचनमध्ये राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांबरोबर मुलुंडला असाच एक फ्लॅट बघायला गेलो. आत पाऊल टाकलं आणि बाबा एकदम गप्प झाले. बाबा गप्प झाले म्हणजे त्यांना वस्तू आवडली. मलाही आवडली. आई मात्र दोन मिनिटं इकडे तिकडे बघून त्या सेल्सच्या मुलाला म्हणाली, "का रे बाळा, गाद्या कुठे ठेवायच्या?"

हा प्रश्न मला सिव्हिलच्या कुठल्याही व्हायव्हात कुणी विचारला नव्हता. त्या फ्लॅटमध्ये गाद्या नव्हत्या. वॉशिंग मशीन, देव्हारा, छत्र्या, पिठाचा डबा, माळ्यावरची ट्रंक, काहीच नव्हतं. बेडरूमला दारही नव्हतं. दार उघडायला जी जागा लागते ती दिसूच नये अशी ही सोय. पुढच्या रविवारी मी टेप घेऊन परत गेलो.

आता थोडं गणित. बेडरूम दहा बाय दहाची धरा. नेहमीचा डबल बेड साडेसहा फूट लांब असतो आणि कपाट दोन फूट खोल, कारण हँगरला तेवढी खोली लागतेच. समोरासमोर ठेवले तर मधे उरतो दीड फूट. म्हणजे कपाटाचं दार उघडायला बेडवर चढायचं. सॅम्पलमधला बेड मी मोजला, तो भरला पावणेसहा फूट आणि कपाट दीड फूट. मधे उरतात पावणेतीन फूट. खोली तीच, पण चालायची जागा जवळजवळ दुप्पट. त्या बेडवर माझा रूममेट (उंची सहा फूट एक इंच) तिरका झोपला तरच मावेल.

भिंतींचीही तीच गत. खरी भिंत ब्लॉकची, दोन्ही बाजूंना प्लास्टर धरून सहा इंचांच्या आसपास. सॅम्पलमध्ये बऱ्याचदा प्लाय किंवा जिप्समचं पार्टिशन असतं, साडेतीन इंचांचं. फरक अडीच इंचांचा. टू बीएचकेमध्ये आतल्या भिंतींची एकूण लांबी साठ फूट धरली तर साडेबारा चौरस फूट होतात, म्हणजे अर्धं न्हाणीघर! गंमत अशी की ह्यात कागदोपत्री खोटं काहीच नाही. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती धरलेल्या आहेत (बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी त्यात येत नाहीत). भिंत जाड असो की पातळ, आकडा तोच राहतो. डोळ्यांना दिसणारी जागा मात्र बदलते.

बाकीचं काम उजेड करतो. पांढऱ्या भिंती बराचसा उजेड परत फेकतात, त्यामुळे खोली मोठी भासते. गडद रंग तो गिळतात. त्यात समोरासमोर आरसे आणि छतात दहा-बारा पिवळसर दिवे. दुपारी बारा वाजताही सगळे चालू! खऱ्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत शेजारच्या बिल्डिंगची भिंत येणार आहे, ते तिथे कुठून दिसणार?

पण एवढ्याने माणूस खरंच जास्त पैसे मोजतो का? इथे एक मजेदार गोष्ट वाचायला मिळाली. लेन, सायलर आणि सायलर ह्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एकच घर वेगवेगळ्या रंगात आणि फर्निचरसह संगणकावर दाखवलं. वाईट रंग आणि वाईट फर्निचर असलं की 'इथे राहावंसं वाटतं का' ह्या प्रश्नाची उत्तरं बिघडली, पण घराची किंमत म्हणून जो आकडा लोकांनी सांगितला त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे सजावटीने घर मनात भरतं, पण किंमत वाढतेच असं नाही. किंमतीच्या बाबतीत फसायला दुसरी गोष्ट पुरते. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील ह्यांनी अमेरिकेतल्या टूसॉन गावात एकच घर विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना दाखवलं, फक्त माहितीपत्रकावर मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी. दोघांचेही अंदाज त्या छापील आकड्याकडे ओढले गेले. वर एजंट म्हणत होते, आम्ही त्या आकड्याकडे बघितलंच नाही! आमच्या सेल्सच्या मुलानेही आधी एक मोठा आकडा लिहिला, तो खोडला आणि खाली "फक्त आजच्यासाठी" दुसरा लिहिला. बाबा सात लाख वाचल्याच्या आनंदात चेकबुक शोधायला लागले. साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बावन्न हजारांवर जातो आणि एकूण सव्वा कोटी फेडायचे असतात. मी मोबाइलवर हा हिशोब करून दाखवला तेव्हा ते थांबले.

कायद्याने ह्या दिखाऊ घराची दखल घेतली आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? मला तरी नव्हतं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रकाबरोबर 'नमुना सदनिका' असा स्पष्ट उल्लेख आहे. ती बघून, तिच्यावर विसंबून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय किंमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरने घ्यायची नाही. म्हणून सॅम्पलचे फोटो काढून ठेवावेत, आणि त्यातलं नेमकं काय मिळणार (टाइल्स, नळ, खिडक्या) हे करारात लिहून घ्यावं. 'फर्निचर केवळ दर्शनासाठी' अशी बारीक अक्षरातली पाटी बहुधा दाराजवळ असतेच, तिचाही फोटो काढावा.

जुन्या फ्लॅटच्या रिसेलमध्ये सजावट वेगळी असते. तिथे ताजा रंग बघून खूश होऊ नये. एकाच भिंतीला वॉलपेपर किंवा पॅनेलिंग असेल तर तिच्या पलीकडे बाथरूम आहे का ते बघावं. बोरिवलीत आमच्या मावशीने मार्चमध्ये चकचकीत घर घेतलं, जुलैत त्याच भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. तिचं म्हणणं, घर ऑगस्टमध्येच बघावं आणि उदबत्तीचा वास जरा जास्त येत असेल तर दोनदा बघावं.

मुलुंडच्या त्या फ्लॅटचा मंजूर नकाशा आम्ही महारेराच्या साइटवर शोधला. बेडरूम नऊ फूट आठ इंच निघाली. दीड फुटातले चार इंच आणखी गेले, उरले चौदा इंच. बाबांनी ते शेणीच्या आकाराइतकं अंतर वितीने जमिनीवर मोजून बघितलं, मग स्वतः त्यातून आडवे होऊन चालून दाखवलं आणि आम्ही सगळेच हसलो. चेक अजून फाडलेला नाही. येत्या रविवारी भांडुपला एक जुना फ्लॅट बघायला जायचंय. आईने टेप आताच पर्समध्ये टाकून ठेवली आहे.