अंगातला दाह आणि मनाची उदासी

पावसाळ्यात ताप आला की काय होते ते आठवून पाहा. पेज पुढे आली तरी नकोशी वाटते. कोणी बोलायला आले तर कूस बदलून निजावेसे वाटते. हे मलूलपण केवळ अशक्तपणाचे नसते. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून व मज्जातंतूंतून मेंदूला पोचतो आणि मेंदू शरीराला विश्रांती घ्यायला लावतो. या झुंजीला दाह म्हणतात. जंतू हटले की दाह शमतो, मनही ताजेतवाने होते.

पण दाह शमलाच नाही तर? संधिवातासारख्या आजारांत तो चुलीतल्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. मग उदासीही टिकून राहील काय?

एक पुरावा औषधातूनच मिळाला. 'सी' प्रकारच्या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्महिने देत. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच. ती घेणाऱ्यांपैकी सुमारे चौघांत एकाला नैराश्याने गाठले. पुढे २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ६३ जणांच्या पाठीच्या कण्यातील द्रव तपासला. त्यात इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनचे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा सरासरीने जास्त आढळले.

तर मग दाह हेच आत्महत्येचे कारण, असे म्हणावे का? थांबा! वादळाच्या वेळी आपल्या रत्नागिरीच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो. पण बावट्यामुळे वादळ येत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. २०१३ साली अमेरिकेत नैराश्याच्या ६० रुग्णांवर दाह कमी करणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. सगळ्यांचा मिळून विचार करता औषध खोट्या औषधापेक्षा सरस ठरले नाही. मात्र ज्यांच्या रक्तात दाह मुळातच जास्त होता, त्यांना फायदा झालेला दिसला. म्हणजे दाह हा अनेक धाग्यांपैकी एक धागा आहे, आणि तोही सर्वांच्या बाबतीत नाही. रक्त तपासून कोणाच्या मनातले ओळखता येत नाही.

यातून एक गोष्ट मात्र पक्की समजते. मन खचणे हा भित्रेपणा नव्हे की आळस नव्हे. त्यात शरीराचाही वाटा असतो आणि त्यावर उपचार आहेत. तापाला आपण लाजत नाही, मग याला का लाजावे? एखादा मित्र गप्प गप्प राहू लागला, जगणे नको म्हणू लागला, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, ऐकून घ्या आणि लगेच आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. हे गुपित राखायचे नसते. तुमचेच मन तसे झाले असेल, तरी हेच करा. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ सालापासून 'टेलि-मानस' ही मोफत सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.

बावटा दिसला की कोळी होडी किनाऱ्याला आणतो. त्यात कमीपणा कसला?