चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे

१. स्तनाच्या सोनोग्राफीत गाठ आडवी की उभी दिसते, यावर इतकं काही ठरतं हे शिकताना मला गंमत वाटली होती. त्वचेला समांतर पसरलेली, गुळगुळीत कडांची गाठ बहुधा साधी. तरुण मुलींत फायब्रोअ‍ॅडेनोमा. कॅन्सर थरांची मर्यादा पाळत नाही, म्हणून गाठ रुंदीपेक्षा उंच दिसते, कडा काटेरी, कधी मागे काळी सावली. १९९५ साली स्टाव्हरॉस आणि सहकाऱ्यांनी ७५० गाठींवरून ही लक्षणं मांडली. आमची भिस्त अजून बरीचशी त्यांच्यावरच.

२. सभ्य दिसणारी गाठ सभ्य असतेच असं नाही. काही आक्रमक कॅन्सर पडद्यावर गोल, नीटनेटके दिसतात. उलट स्तनाचा क्षय किंवा मार लागून मेलेली चरबी हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेते. इथे माझ्या 'अनुभवी नजरे'चा तोरा उतरतो आणि बायोप्सीची सुई हातात येते.

३. माझ्या रिपोर्टमधला सर्वांत धोकादायक मजकूर म्हणजे एक आकडा. बाय-रॅड्स, म्हणजे गाठीचा संशय किती ते सांगणारी श्रेणी. बाय-रॅड्स ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत काहीही, म्हणून त्याचे चढत्या संशयाने अ, ब, क करावे लागतात. पण घाटकोपरच्या आमच्या इमारतीत लोक लिफ्टमध्येच लिफाफा फोडतात. एक गृहस्थ तळमजल्यावरून तसेच वर आले, पांढरेफटक. "डॉक्टर, हिची चौथी स्टेज?" मागे त्यांची बायको, चप्पलही नीट न घातलेली. तिचा चार 'अ' होता. आता आधी खुर्चीत बसवते, आकडा समजावते, मगच लिफाफा.

४. "दुखत नाही हो, म्हणून आले नाही," हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही.

५. मशीनवाल्यांनी जरा नमतं घ्यावं असं काम मुंबईतच झालंय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. पन्नाशीपुढच्या गटात स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तेव्हा हाताला गाठ लागली तर दुखायची वाट बघू नका, या. आणि या सोनोग्राफीला उपाशी किंवा तुडुंब पाणी पिऊन यावं लागत नाही.