निर्मनुष्य प्रदेशातील पाऊस

शास्त्रपाठ : ईयोब, अध्याय ३८ व ३९

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे येणारा महामार्ग तुमकूर रस्त्याने बंगळूर शहरात शिरतो, तेव्हा वेशीवरच पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. लेथ, प्रेस, ओतकाम आणि रंगकाम यांचे कारखाने येथे भिंतीला भिंत लावून उभे आहेत. अशा ठिकाणी सृष्टिवैभवावर पाठ घेणे म्हणजे थट्टाच वाटावी. तरीही आमच्या छोट्या मराठी प्रार्थनासभेत ईयोबाच्या ग्रंथाचा अभ्यास चालू असता हाच विषय निघाला. लेथवर काम करणारे एक तरुण बंधू म्हणाले, "काल आफ्रिकेतील सिंहाची फिल्म पाहिली. त्याने झेब्र्याचे शिंगरू जिवंतपणीच फाडले. सृष्टी देवाचा महिमा वर्णिते असे आपण गातो. मग त्या दृश्यात कोणता महिमा पाहावा?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि त्या संध्याकाळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. हा पाठ म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची पुरवणी समजावी.

प्रथम शास्त्रभागाकडे वळू. ईयोब आपल्या दुःखाचे कारण विचारतो. परमेश्वर त्याला कारण सांगत नाही. तो त्याला रानात नेतो. तेथे कोण कोण भेटते ते पाहा : भक्ष्य शोधणारी सिंहीण, उपाशी ओरडणारी कावळ्याची पिले, दावे न मानणारे रानगाढव, नांगराला न जुंपला जाणारा रानबैल, अंडी मातीत टाकून विसरणारी शहामृगी. युद्धाचा घोडा सोडला तर यांतील एकही प्राणी माणसाच्या उपयोगाचा नाही. अडतिसाव्या अध्यायात, सव्विसाव्या वचनाच्या सुमारास, जेथे कोणी राहत नाही अशा भूमीवरही पाऊस पाडला जातो, असा उल्लेख येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पाऊस वाया गेला! आणि एकोणचाळिसाव्या अध्यायाचा शेवट होतो तो गरुडाच्या पिलांच्या रक्तपानावर. म्हणजे आमच्या तरुण बंधूंना जे दृश्य खटकले, ते परमेश्वराने ईयोबापासून लपविले नाही. उलट, स्वतः होऊन दाखविले.

हा अध्याय ज्यांनी आफ्रिकेत अक्षरशः पायी चालून वाचला, अशी काही माणसे आपल्या नाशिकहून गेली होती. त्यांची आठवण आपल्या मंडळ्यांत फारशी राहिलेली नाही, याची खंत वाटते.

नाशिकजवळचे शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेले ख्रिस्ती गाव. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, तेव्हा सुटका झालेल्या अनेक आफ्रिकी मुलांना तेथे आश्रय मिळे. ती मुले तेथे लिहावयास-वाचावयास शिकत, सुतारकाम व लोहारकाम शिकत, बाप्तिस्मा घेत. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईस आला, तेव्हा नव्या प्रवासासाठी त्याने यांच्यापैकी नऊ तरुण निवडले. १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून झांजिबारला निघाले आणि मार्चमध्ये आजच्या टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरले.

त्यांच्या लवाजम्यात सहा उंट, तीन म्हशी व एक रेडकू, दोन खेचरे आणि चार गाढवे होती. हिंदुस्थानातील म्हशी तेथे कशाला, असे वाचकांस वाटेल. आफ्रिकेच्या मोठ्या भूभागात त्सेत्से नावाची माशी आहे. तिच्या दंशाने गुरेढोरे व घोडे खंगून मरतात. म्हशी व उंट हा दंश सोसतील काय, हे डॉक्टरसाहेबांना पाहावयाचे होते. प्रयोग फसला. काही जनावरे माशीने गेली असावीत, काही सोबतच्या शिपायांच्या हेळसांडीने व मारहाणीने गेली. कोणते कशाने गेले हे निश्चित ठरविता आले नाही.

या माशीपाशी थोडे थांबणे भाग आहे. तिच्या दंशातून गुरांच्या रक्तात सूक्ष्म परजीवी शिरतो, हा शोध पुढे १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस याने लावला. रानातील हरिणे व गवे तोच परजीवी रक्तात बाळगूनही बहुधा सुखाने चरतात. त्यामुळे जेथे माशी तेथे गुराख्यांचे कळप टिकत नसत, आणि पुष्कळ रान वन्य जनावरांकडेच राहिले. आज प्रवासी ज्या अभयारण्यांतील हत्ती व हरिणांचे कळप पाहून थक्क होतात, त्यांतील कित्येक प्रदेश या क्षुद्र माशीने राखलेले आहेत. म्हशीच्या मालकाला ती शाप वाटणार. रानाच्या दृष्टीने ती पहारेकरी. ईयोबाच्या सूचीत माशीचे नाव नाही, पण तिची जागा तेथेच आहे असे मला वाटते.

रोवुमा नदीच्या काठाने ही मंडळी आत शिरली आणि जुलैत याओ लोकांच्या उंच, थंड मुलखात पोहोचली. मार्गात डोंगरांच्या रांगा आणि दर काही अंतरावर खळाळणारे ओहोळ होते. लिव्हिंग्स्टनने त्या भूमीची मनापासून स्तुती केली आहे. परंतु भूमी ओस होती. जुन्या शेतांचे वरंबे गवताखाली दिसत, आणि जागोजागी लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांच्या मातीच्या नळ्या विखुरलेल्या होत्या. ती भूमी पूर्वी धान्य पिकविणारी, लोखंड गाळणारी होती. म्हणजे जेथे आज केवळ निसर्ग दिसत होता, तेथे एके काळी एक प्रकारचे पीण्या होते! ते कोणी बुडविले? सिंहाने नव्हे. त्याच वाटेवर, जूनमध्ये, त्यांना एका झाडाला मानेने बांधलेली स्त्री मृतावस्थेत आढळली होती. गुलामांच्या तांड्याबरोबर तिला चालता येईना, म्हणून तिच्या मालकाने तिची ही गत केली होती.

शरणपूरच्या तरुणांना ही दृश्ये परकी नव्हती. ती त्यांच्याच बालपणाची होती. मटाका नावाच्या मुखियाच्या गावी त्यांच्यातील अब्राहामला त्याच्या मामाने ओळखले. मामाने सांगितले, तू धरला गेल्यावर तुझ्या आईला व दोघी बहिणींना अरबांना विकले गेले. त्याने राहण्याचा आग्रह केला; लिव्हिंग्स्टननेही राहा म्हणून सुचविले. अब्राहामने नकार दिला. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहून काय करू, असे त्याचे म्हणणे होते. तो पुढे चालू लागला. एवढे रम्य डोंगर, एवढे निर्मळ पाणी, आणि स्वतःची जन्मभूमी; तरी ती त्याला धरून ठेवू शकली नाही. सृष्टिसौंदर्यावर आपण प्रवचने करतो तेव्हा अब्राहामसारखा कोणी समोर बसलेला असू शकतो, याचे भान ठेवावयास हवे.

आता सिंहाविषयी. लिव्हिंग्स्टन या विषयावर ऐकीव बोलत नव्हता. १८४४ साली, आजच्या दक्षिण आफ्रिकेतील माबोत्सा येथे, एका जखमी सिंहाने त्याला पकडून झटकले आणि त्याच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. मेबाल्वे नावाच्या त्याच्या आफ्रिकी सहकाऱ्याने सिंहाचे लक्ष स्वतःकडे वेधले, म्हणून तो वाचला. पुढे आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की त्या क्षणी त्याला वेदना वा भय जाणवले नाही. एक प्रकारची गुंगी आली होती, आणि भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांसाठी ही निर्माणकर्त्याची दयाळू योजना असावी, असे त्याला वाटले. आमच्या तरुण बंधूंना मी हा दाखला दिला. ते क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "तो वाचला म्हणून हे लिहू शकला." हा आक्षेप मला खोडता आला नाही. एका माणसाच्या अनुभवावरून झेब्र्याच्या शिंगराविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचेच. तथापि जबड्यात सापडलेला मनुष्य सिंहाचा द्वेष न करता त्याच्या निर्माणकर्त्याकडे पाहतो, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

१८७२ साली शरणपूरची आणखी काही मुले लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट होता. यांचा शेवटचा मार्ग बँगवेउलु सरोवराच्या दलदलीतून गेला. तेथे पाणी कोठे संपते आणि भूमी कोठे सुरू होते हे कळत नाही. काळे लेच्वे हरिण आजही फक्त याच पाणथळीत आढळते, आणि जोड्यासारख्या अवजड चोचीचा उंच करडा पक्षी पाण्यात निश्चल उभा असतो. जवळच्या कासांका अरण्यात दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर फळे खाणारी लक्षावधी वटवाघळे उतरतात आणि सांजवेळी आकाश झाकोळून जाते. १८७३ साली मात्र तेथे पावसाची झड होती, कमरेएवढे पाणी होते, आणि रात्री झोपडीत शिरून चावणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या फौजा होत्या. आजारी डॉक्टरला माणसांनी खांद्यावर वाहिले. त्याही दिवसांत तो मत्स्यगरुडाच्या हाकेचे वर्णन वहीत लिहीत होता.

मे महिन्याच्या आरंभी चितांबो गावी तो मरण पावला. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले आणि जेकबने अंत्यविधीची उपासना वाचली. मग त्यांनी देह उन्हात सुकविला, सालीत व कापडात गुंडाळला आणि हजार मैलांहून अधिक अंतर चालून १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत एका रात्री सिंहाने त्यांचे गाढव मारले. लंडनमध्ये देहाची ओळख पटली ती डाव्या दंडाच्या त्या मोडून सांधलेल्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत शरणपूरचा जेकब होता.

चितांबो येथील ते झाड पुढे १८९९ मध्ये तोडण्यात आले व त्याचा कोरीव भाग लंडनला नेण्यात आला. जेकबने त्यावर डॉक्टरचे नाव, तारीख आणि आपल्या तीन आफ्रिकी सोबत्यांची नावे कोरली होती. स्वतःचे नाव त्याने कोरले नव्हते.