कार्ड असताना सरकारी दवाखाना कशाला?

प्रश्न : आता 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतून मोफत होतात. मग तासगावच्या ग्रामीण रुग्णालयावर सरकारने आणखी खर्च का करावा?

उत्तर : महात्मा फुले जन आरोग्य योजना कामी येते ती मुख्यतः रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, बाळाची लस ही तिची कामेच नव्हेत. बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या बाईने मजुरी बुडवून गोळीसाठी सांगली-मिरज गाठावे, ही अपेक्षाच चुकीची. ती जात नाही. मग कधीतरी पक्षाघात होतो आणि तेव्हा मात्र योजनेचे कार्ड चालते! जवळचा दवाखाना कमकुवत ठेवला, तर योजनेचाच खर्च वाढतो. सरकारी निकष सपाट भागात 1 लाख 20 हजार लोकांमागे 30 खाटांचे एक रुग्णालय सांगतो. तासगाव तालुक्याची लोकसंख्या 2011 मध्येच अडीच लाखांच्या घरात होती.

‘तिथे डॉक्टरच नसतात’ हा आक्षेप राज्यात अनेक ठिकाणी खरा आहे, पण तो खर्च थांबवण्याचे नव्हे, पदे भरण्याचे कारण आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने आपल्या दवाखान्यांतले उपचार मोफत केले. पण केसपेपर फुकट झाला म्हणून भूलतज्ज्ञ मिळतोच असे नाही. पैसा कुठून, असेही विचारले जाते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यायला सांगितले होते. आमदारांना त्याचाच हिशेब विचारा, आणि रुग्ण कल्याण समितीला मंजूर व भरलेल्या पदांचा.